दोघांच्या मधलं

डॉक्टरांनी एक चित्र समोर धरलं आणि विचारलं, "यात काय दिसतं, दामोदरजी?"

चित्रात दोन बाया होत्या. एकीने पदर कमरेला खोचून बोट थेट दुसरीच्या नाकापर्यंत नेलं होतं. दुसरी मान खाली घालून उभी. अंगणवाडीतल्या लेकरालाही कळलं असतं की एकीची खरडपट्टी निघते आहे.

माझ्या मालकांनी चित्र जवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. "एक बाई आहे जी, हिरव्या लुगड्याची," ते म्हणाले. "अन् हे दुसरी. पिवळ्या लुगड्याची."

"दोघी काय करून राहिल्या?"

"उभ्या आहेत."

डॉक्टरांनी दुसरं चित्र काढलं. विहिरीच्या काठावर पालथा पडून एक माणूस आतल्या माणसाला हात देऊन वर ओढत होता. यांनी काठावरच्या माणसाचं वर्णन केलं, आतल्याचं केलं, विहिरीला पाणी किती आहे तेही सांगितलं. एक जण दुसऱ्याला वाचवतो आहे, तेवढं मात्र सांगितलं नाही. "अजून काही?" असं विचारल्यावर चिडले. "अजून का राहते त्याच्यात? दोन माणसं अन् एक हीर."

मी बाजूच्या खुर्चीवर होते. हा माणूस आमच्या साकोली, लाखनी, पवनी तालुक्यांत कशासाठी ओळखला जातो ते मला माहीत होतं, डॉक्टरांना नव्हतं.

"ताई, यांना स्ट्रोक येऊन गेला आहे," डॉक्टर म्हणाले. इस्केमिक स्ट्रोक. म्हणजे रक्ताची गुठळी अडकून मेंदूच्या एका भागाला रक्त न पोचणं. मी भांडायच्याच आवाजात विचारलं, हात चालतो, पाय चालतो, तोंड वाकडं नाही, बोलणं खणखणीत आहे, मग कसला स्ट्रोक? त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. उजव्या कानाच्या जरा वर एक पांढरा डाग होता. त्या जागेला सुपिरियर टेम्पोरल सल्कस म्हणतात. सल्कस म्हणजे मेंदूवरची खोल घडी.

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. माणसाचा चेहरा ओळखणं मेंदूच्या एका जागी होतं. बोललेलं समजणं दुसऱ्या जागी. पण दोन माणसं आपसात काय करताहेत, भांडताहेत की थट्टा करताहेत, ओढताहेत की ढकलताहेत, हे ओळखण्याचं बरंचसं काम त्या घडीच्या आसपास चालतं. तिथे इजा झाली की माणसं दिसतात, पण त्यांच्या मधलं दिसत नाही. आणि जे मुळात तसं दिसलंच नाही ते आठवणीतही तसं साठत नाही. जुनं साठलेलं असतं ते राहतं. नव्याची भर पडत नाही.

सानगडीच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. घडी म्हटल्यावर मला पटकन कळलं. पोलक्याचे सगळे तुकडे बरोबर कापून समोर ठेवावेत आणि शिवणच मारू नये, तसं यांना आता जग दिसत होतं.

"परत येईल का?" मी विचारलं.

"थोडं येईल. पूर्ण येईल असं मी म्हणणार नाही. इतकं नेमकं याच जागेचं नुकसान कमी बघायला मिळतं, त्यामुळे खात्रीनं काहीच सांगत नाही."

त्या दिवशी मला त्या डॉक्टरांचा फार राग आला. आज वाटतं, तेवढा एकच माणूस माझ्याशी खरं बोलला.

आता आमचे हे कोण होते ते सांगायला हवं. शेती धानाची, पण खरा जीव सोयरिकी जुळवण्यात. कुणाकडून त्याचं काही घेत नसत, लग्नात गळ्यात पडेल तो दुपट्टा तेवढा मानाचा. मुलगी पाहायला पाहुणे निघाले की यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवायचे. तिथे गेले की हे कोपऱ्यातली खुर्ची धरत, पोहे खात आणि मुलीकडे बघतसुद्धा नसत. घरातल्या बाकीच्यांकडे बघत. परत येताना सांगत, "मोठी सून पाणी घेऊन आली तं सासूनं पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. या घरची पोरगी नका करू." आणि यांचं म्हणणं खोटं निघालेलं मला तरी आठवत नाही.

आठवण तर विचारूच नका. कुणाच्या लग्नात कोण पंगतीतून उठून गेलं, कोणत्या मामाला मानाचा दुपट्टा द्यायचा राहिला म्हणून तो मांडवाबाहेर जाऊन बसला, कोणत्या दोन जावा बाराव्याच्या घरी रडताना परत बोलायला लागल्या, सगळं तोंडपाठ. मी म्हणायची, अहो, सगळ्या जिल्ह्याची भांडणं डोक्यात ठेवता, अन् घरातली साखर संपली ते राहत नाही. त्यावर हे हसत. "साखर दुकानात भेटते," म्हणत.

असा माणूस. आणि त्याचं नेमकं तेच गेलं. देवाने हात नेला असता, पाय नेला असता, तर मी शेकत बसले असते आणि एवढी रडले नसते.

सुरुवात धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत झाली. शेतात मशीन लागली होती. हे बांधावर बसले आणि माझ्या दिराला, सुखदेवला म्हणाले, "मले गरगर होऊन राहिलं बाप्पा." सुखदेव यांचा धाकटा भाऊ, आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो. त्याने लगेच गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. बीपी वाढलेलं निघालं. गोळी मिळाली, संध्याकाळी हे भात खाऊन झोपले आणि आमच्या जिवात जीव आला.

ज्यांच्या घरी वयस्क माणूस आहे त्यांना हात जोडून सांगते. स्ट्रोक म्हणजे तोंड वाकडं होणं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. एकाएकी गरगरलं, डोकं ठणकलं, माणूस वेगळंच वागायला लागला, तर बीपीच्या गोळीवर समाधान मानू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जाऊन स्कॅन करून घ्या. आम्ही केला नाही.

पुढचे काही दिवस बारीकसारीक गोष्टी होत गेल्या. टीव्हीवरची मालिका हे अर्ध्यातून बंद करायचे. "काहीच कळून नाही राहिलं, नुसते लोक येऊन राहिले अन् जाऊन राहिले." नळावर दोन बायांचं जोरदार वाजलं होतं, अगदी केसांपर्यंत हात जायच्या बेतात, तेव्हा हे मधे जाऊन एकीला विचारून आले की तिच्याकडे तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, विकायची आहे का. आम्ही पोट धरून हसलो. आमची मयुरी म्हणाली, "बाबा आता कॉमेडी करून राहिले." मयुरी आमची एकुलती एक. साकोलीला कॉम्प्युटर सेंटरमध्ये शिकवते.

तिचंच साक्षगंध ठरलं होतं. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. मुलगा आसगावचा, शेतीभाती चांगली, पवनीला नोकरीला. यांनी ती सोयरीक वर्षभर तोलून मापून स्वतः पक्की केली होती. मयुरीचा आणि त्या मुलाचा फोन रोज चालायचा. माझी पोर त्या महिन्यांत घरभर गुणगुणत फिरायची.

आणि आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. व्याह्याला आम्ही इवाई म्हणतो. इवायांनी एकमेकांची थट्टा करायचीच असते, तीही चांगली झोंबणारी. इवाई गुपचूप जेवून उठला तर बायका घाबरतात, कुठं काही कमी पडलं का म्हणून. जेवढी थट्टा जहरी, तेवढी सोयरीक घट्ट.

साक्षगंधाच्या दिवशी अंगणात पहिली पंगत बसली. आसगावचे इवाई, म्हणजे मुलाचे वडील, आणि सुखदेव समोरासमोर होते. इवाईंनी पत्रावळीत बोट फिरवून म्हटलं, "काजी, या रश्शात वांगं आहे तरी का? नाहीतं आमच्या तलावावरून जाळं आणतो, टाकून पाहू."

सुखदेव कशाला मागे राहतो! "पहिले दात तं बसवून या इवाई, मंग वांगं मागा."

"अशा कंजूस घरची पोरगी नेऊन आमी उपाशी मरू ना बाप्पा!"

"नेऊ नका. पोरगाच ठेवून जा आमच्याकडे. औंदा बैल कमीच आहेत."

अंगण हसून हसून लोटपोट झालं. मी दारात बायांमध्ये उभी होते, मला आठवतं, मी विहिणीच्या दंडाला धरून हसत होते.

तेवढ्यात हे उठले. कोपऱ्यातून सरळ पंगतीत आले. चेहरा असा पांढरा झालेला. "माह्या भावाशी भांडून राहिले?" त्यांनी इवाईंना विचारलं. "माह्या अंगणात?"

लोकांना वाटलं हीही थट्टाच. हशा आणखी वाढला. त्या हशाने हे जास्तच बिथरले. इवाईंनी घातलेला दुपट्टा यांच्या गळ्यात होता. तो यांनी काढला आणि इवाईंच्या पत्रावळीशेजारी ठेवला.

आमच्याकडे दुपट्टा परत ठेवला की सोयरीक परत केली. तोंडाने काही बोलावं लागत नाही. इवाईंनी हातातला घास खाली ठेवला. मग त्यांनी हात धुतला. त्यांची माणसं एकेक करून उठली. आतल्या खोलीत मयुरीला नवी साडी नेसवून बसवली होती, ती पदर सावरत दारापर्यंत आली तोवर आसगावच्या गाड्या वळून गेल्या होत्या.

लोक म्हणाले, दामोदरभाऊ पिऊन होते. ज्या माणसाने उभ्या जन्मात सुपारी खाल्ली नाही त्याच्याबद्दल म्हणाले. मी काहीच म्हटलं नाही, कारण मला तेव्हा यांचाच गळा धरावासा वाटत होता.

शंका आली ती सुखदेवला. त्याने संध्याकाळी शांतपणे विचारलं, "दादा, माहा अपमान कोणी केला होता? का म्हणाले होते ते?"

हे पुष्कळ वेळ आठवत राहिले. "का म्हणाले ते नाही माहीत. तुमची तोंडं उघडी होती अन् आवाज मोठा होता."

वांग्याची भाजी आठवत होती. कोण कोण आलं होतं, कुणी कोणता शर्ट घातला होता, सगळं सांगितलं. काय घडलं तेवढं सांगता येईना. सुखदेव माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, दादाले दवाखान्यात नेऊ. हे पिण्याचं नाही अन् रागाचंही नाही."

भंडाऱ्याला सीटी स्कॅन झाला. तिथून नागपूर. एमआरआय, मग कॅरोटिड डॉप्लर, म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, मग छातीला यंत्र बांधून हृदयाचे ठोके मोजत ठेवणं. प्रत्येक तपासणीच्या दाराबाहेर बसायचं. नागपूरच्या त्या लांबलचक हॉलमध्ये आमच्यासमोर एक बाई मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती. कुणी गेलं असावं. हे बराच वेळ बघत होते. मग मला विचारलं, "ते बाई काहून हालून राहिली?" मी म्हटलं, थंडी वाजत असेल. त्यांनी ते मान्य केलं. जो माणूस पेल्याकडची नजर ओळखायचा, त्याने ते मान्य केलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

निदान कळल्यावर मला एका गोष्टीचा मात्र हुरूप आला. मनात म्हटलं, आता आसगावला जाऊन सांगता येईल. माणूस उद्धट नव्हता, आजारी होता. कुणीही समजून घेईल. मी आणि सुखदेव एमआरआयचं पाकीट घेऊन गेलो. मयुरीने निघताना माझ्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली.

इवाईंनी चांगलं बसवलं. "या इनबाई," म्हणाले, म्हणजे विहीणबाई. चहा झाला. मी सगळं सांगितलं, फिल्म काढून उजेडासमोर धरली, पांढरा डाग दाखवला. ते नीट ऐकत होते. मग डोक्याला हात लावून बसले.

"मले वाटलं होतं इवाईले माहा राग आला," ते म्हणाले. "मी तं येणारच होतो मनवायले. रागाचं असतं तं पाया पडून मनवलं असतं, इवाईच्या पाया पडायची लाज कायची? पण तुम्ही म्हणता मेंदूचं आहे. मंग मी मनवू कोणाले?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "पोरीलेही तसंच झालं तं?"

मी सांगितलं की हे रक्तातून पोरीत उतरणारं नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. "डॉक्टर तं सांगतेच," आतून उत्तर आलं. आम्ही उठलो तेव्हा ते दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "सांभाळून जा बाई." येताना मी इनबाई होते. जाताना नुसती बाई झाले. एवढ्या एका शब्दात मला उत्तर मिळालं होतं, आणि मी ते पाकीट छातीशी धरून घरापर्यंत आले.

नुसता उद्धटपणा असता तर सोयरीक टिकली असती. आजार खरा ठरला म्हणून मोडली. याच्यावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या मुलाचे फोन थोडे दिवस आले, मग कमी झाले, मग थांबले. माझ्या पोरीचं गुणगुणणं त्याच्या आधीच थांबलं होतं.

इकडे यांचे उपचार सुरू झाले. रक्त पातळ ठेवायची गोळी, बीपीची गोळी. सोबत कॉग्निटिव्ह रिहॅबिलिटेशन, म्हणजे मेंदूला शाळेत घालून परत पहिलीपासून शिकवणं. ते शिकवणाऱ्या नागपूरच्या ताईंनी नियम घालून दिले. दात दिसले की हसणं. भुवया खाली आल्या की राग. डोळ्यांत पाणी म्हणजे दुःख. मी आमच्या लग्नाचे जुने फोटो काढून रोज दुपारी तालीम घ्यायची. हे प्रामाणिकपणे पाठ करायचे. फोटोतल्या जुन्या माणसांचं यांना अजून सगळं माहीत होतं, कोण कोणावर रुसलं होतं ते न विचारता सांगायचे. फोटो बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघायला सांगितलं की गाडी अडायची.

नियम तर नियमच. साकोलीच्या बसस्टँडवर दोन बहिणी कितीतरी वर्षांनी भेटल्या होत्या, गळ्यात गळा घालून रडत होत्या, मधेच हसत होत्या. डोळ्यांत पाणी म्हणजे दुःख. हे पुढे झाले, हात जोडले आणि विचारलं, "कोण गेलं जी?" सगळा स्टँड हसला. यांनी हसणाऱ्यांचे दात पाहिले, त्याचा नियम पाठ होता, म्हणून हेही हसले. मी यांना हाताला धरून बाहेर आणलं.

तेव्हापासून हे चौकात जाईनासे झाले. घरी येणारे तर आधीच कमी झाले होते. सोयरिकीसाठी कुणी विचारायला येत नाही. एक दिवस बैलांना पाणी दाखवता दाखवता मला म्हणाले, "माणसं सारी दिसतेत ओ. गाव नाही दिसत." त्यांना स्वतःला जे होतंय ते त्यांनी एवढंच एकदा बोलून दाखवलं. मी रिकामी बादली भरायला घेऊन गेले. यावर काय म्हणायचं ते तुम्हाला सुचलं तर सांगा.

डॉक्टरांनी आणखी एक धोका सांगितला होता. पोस्ट-स्ट्रोक डिप्रेशन, म्हणजे स्ट्रोकनंतर मनाला येणारी मरगळ. त्याचीही गोळी सुरू झाली. घरात धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका, असं बजावलं होतं. आणि मी एकदा विचारलं होतं की नवं काही डोक्यात राहणारच नाही का, तेव्हा ते म्हणाले होते, "राहील. त्यांना साध्या शब्दांत सांगितलं तर राहील, कारण भाषा शाबूत आहे. डोळ्यांनी पाहून जे समजायचं तेच बसणार नाही." हे नीट लक्षात ठेवा. असल्या पेशंटला जे सांगाल ते दगडावरच्या रेघेसारखं राहतं. ते तपासून बघायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं.

तर आमच्या घरात एक प्रश्न रोज फिरत होता. "मयुरीचं लगन कधी आहे?" आणि त्याच्या मागोमाग, "इवाई काहून येत नाही?" साक्षगंधाचं अंगण, मांडव, भाजी यांच्या डोक्यात होती, मोडलेलं लग्न नव्हतं. ते त्यांना सांगायचं कुणी? तुम्हीच मोडलं, तुमच्या हाताने दुपट्टा ठेवून मोडलं, हे वाक्य कोणत्या तोंडाने काढायचं? आम्ही टाळत राहिलो. मुहूर्त नाही. मुलाच्या कामाचं ठरायचं आहे. उन्हाळा गेला. जिल्ह्यात एवढी लग्नं वाजली आणि आमच्या दारात हा एक प्रश्न.

एक दिवस जेवताना यांनी परत विचारलं. मी भात वाढत होते, तोंडात नेहमीचा मुहूर्त तयार होता. पण यांचा आवाज चढला. "मले पागल समजून राहिले का सारे? मोडलं असन तं सांगा. कोणी मोडलं?"

सुखदेव खाली बघायला लागला. आणि मयुरी म्हणाली, "मी मोडलं, बाबा. मले तो पोरगा पसंत नाही पडला."

हे तिच्याकडे बघत राहिले. मग ताट सरकवून उठले. "वर्षभर फिरलो मी त्या सोयरिकीसाठी," म्हणाले, "अन् तू माहं नाक कापलं."

ते बसलं. डोक्यात पक्कं बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या मनात आशा होती की विसरतील, पण हे उठले ते मयुरीच्या हातचा चहा नको म्हणतच. तिने आणलेला पाण्याचा पेला तसाच ठेवतात. घरी कुणी आलं की सांगतात, पोरीनं मोडलं, चांगलं स्थळ होतं. सुखदेवने लाखनीकडचे एक पाहुणे आणले होते, बरी माणसं होती. हे त्यांच्यासमोर म्हणाले, "पहिलेच सांगून देतो जी. एक सोयरीक हिनं मोडली आहे." सोयरीक जुळवणाऱ्याने लपवाछपवी करू नये, हा यांचा आयुष्यभराचा नेम. तो मात्र स्ट्रोकने नेला नाही. पाहुणे चहा पिऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत.

आजारपणाच्या गोष्टी शेवटी डॉक्टरांचे आणि देवाचे आभार मानून संपवायच्या असतात. डॉक्टरांचे मानते. सुखदेवचे मानते, त्याने वेळेवर ओळखलं नसतं तर मी अजूनही यांना पिऊन होते म्हणूनच शिव्या घालत राहिले असते. देवाशी माझं सध्या बोलणं बंद आहे.

ते पाहुणे गेले त्या दिवशी मी मयुरीला म्हटलं, "आता बास. मी आजच सांगते त्याईले, कोणी मोडलं ते. डिप्रेशन होते तं होऊ दे. तुह्या जन्माचं वाटोळं करून मले त्यायचं मन नाही सांभाळायचं."

तिने माझा हात धरला. "नको आई."

"काहून नको? रोज तोंड फिरवते तुह्याकडून. तुह्या हातचं पाणी नाही घेत. तुले बरं वाटते?"

ती म्हणाली, "बाबाच्या डोक्यात आता कोणाचं कोणाशी काही आहे का? तुहं अन् माहं पटते का नाही, त्याईले माहीत नाही. काकानं किती केलं ते माहीत नाही. आपण तिघं त्यायच्यासमोर बसून रडलो तरी त्याईले तीन माणसं दिसतेत. आजारपणापासून एवढी एकच नवी गोष्ट बसली डोक्यात, अन् ते माही आहे. ते नको काढू."

मी म्हटलं, अगं पण ती खोटी आहे.

"असू दे ना," ती म्हणाली.

तेवढ्यात हे शेतावरून आले. पाय धुतले, आत पाऊल टाकलं, आणि मयुरी दिसताच भुवया खाली ओढून त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मयुरीने माझा दंड दाबला. "पाहिलं?" ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, खरोखरचा आनंद, आणि माझ्याच्याने तो ऐकवला नाही.